नवा मुलूख

काळोख्या पटाच्या मध्यभागी उजेडाचे एक लहानसे वर्तुळ असते. त्या वर्तुळात एक चौसोपी वास्तू, तिच्या अंगणात हुकुमाची वाट पाहत उभे असलेले सहा गावकरी आणि थोडा बाजूला एक घोडेस्वार टेहळ्या. सारे राज्य ते एवढेच. पलीकडे डोंगर आहे की पाणी, सोन्याची खाण आपल्या वेशीशी लागून आहे की शत्रूच्या, हे सांगू शकेल असा तो स्वार तेवढा एक, आणि म्हणून पहिली आज्ञा त्यालाच मिळते. बोट दाखवावे त्या दिशेला तो दौडत निघतो, आणि त्याच्या टापांच्या पुढेपुढे गवत, झुडपे, ओढ्याचा उतार, कड्याची धार अशी पृथ्वी उमटत जाते. वाटेत एखादी मेंढी दिसली तर ती निमूटपणे त्याच्या मागोमाग चालू लागते. दुसरी भेटते, तिसरी भेटते, आणि राज्याच्या सरहद्दी शोधायला गेलेला तो शिलेदार एखाद्या धनगराप्रमाणे कळप घेऊन घरी परततो. राज्याचा आरंभ मेंढरांनी व्हावा, ही गोष्ट मला पाहताक्षणीच फार आवडून गेली.

'एज ऑफ एम्पायर्स' या खेळाचा चौथा भाग 28 ऑक्टोबर 2021 रोजी बाहेर आला. तिसरा भाग 2005 सालचा, म्हणजे मध्ये सोळा वर्षे लोटलेली. जिने मूळ खेळ निर्माण केला ती अमेरिकेतील डॅलसची 'एन्सेम्बल स्टुडिओज' ही संस्था 2009 सालीच बंद पडली होती, आणि चौथ्या भागाचे काम कॅनडातील व्हँकूव्हरच्या 'रेलिक एंटरटेनमेंट'कडे गेले होते. 2017 च्या ऑगस्टमध्ये त्याची घोषणा झाली, तेव्हापासून ज्यांनी तरुणपणी हा खेळ खेळला होता ती मंडळी, आता कुणी बँकेत अधिकारी, कुणी कारखान्यात पर्यवेक्षक, अशी जिथे असतील तिथून त्याची वाट पाहत होती. त्या मंडळींपैकी मीही एक.

या जातीच्या खेळाचे सारे मर्म काळाच्या वागणुकीत आहे. बुद्धिबळात आपण विचार करीत असलो की प्रतिपक्ष थांबतो. घड्याळ लावले असले तरी पटावरची परिस्थिती आपल्या खेळीपर्यंत जागची हलत नाही. येथे पाळी नाही. आपण एका गावकऱ्याला बोरीच्या झुडपाकडे धाडावे की लाकडे तोडायला, याचा विचार करीत असतो, त्याच क्षणी दुसऱ्या टोकाला कुणीतरी आपली फौज उभी करीत असतो, आणि काळ दोघांच्याही दारावरून सारख्याच पावलाने चाललेला असतो. 1992 साली 'ड्यून टू' या खेळाने ही घडण रूढ केली. त्या खेळात एका वेळी एकाच शिपायाला हुकूम देता येत असे. पुढे हात मोकळे झाले, एका हुकुमात पुष्कळ फौज हलू लागली. पण एका वेळी एकाच ठिकाणी पाहता येते, ही डोळ्यांची मर्यादा तशीच राहिली. अन्न, लाकूड, सोने, दगड अशा चार वस्तूंचा साठा पडद्याच्या कोपऱ्यात आकड्यांनी दाखविलेला असतो. परंतु लक्ष नावाची जी पाचवी वस्तू सर्वांत आधी संपते, तिचा आकडा कोठेच लिहिलेला नसतो.

खेळ बाहेर आला ते दिवस दिवाळीच्या अगदी तोंडावरचे होते. पुढच्या सोमवारी वसुबारस. आणि आमच्या सोसायटीच्या आवारात, पार्किंगच्या भिंतीला लागून, मुलांचा किल्ला अर्धामुर्धा उभा राहिला होता. पोत्यांवर माती लिंपलेली, अळीव पेरलेले, बुरुजांच्या जागी डबे पालथे घातलेले, आणि चिखलाने कोपरापर्यंत माखलेली मुले तटाला दरवाजा कोणत्या बाजूने असावा यावर भांडत होती. वर माझ्या खोलीत सुट्टीला आलेला माझा भाचा पडद्यासमोर बसून तेच करीत होता. त्याला लढाई सुरू करण्याची घाई अजिबात नव्हती. नवा खेळ मिळाला होता, त्यातली प्रत्येक वस्तू जवळ जाऊन पाहायची होती. "मामा, इकडे या ना, हरणं बघा, कशी कान टवकारतायत," असे तो ओरडे आणि मी हातातले काम टाकून जात असे. हरणे खरोखरच पाहण्यासारखी होती. शिकार सुरू झाली की ती उधळत, काही अंतरावर जाऊन थांबत आणि पुन्हा चरू लागत. रानाच्या कडेला लांडगे हिंडत, आणि एकटादुकटा गावकरी तिकडे गेला तर त्याच्यावर धावून येत. कुणाचे घर बांधायला काढले की आधी जमिनीवर आखणी उमटे, मग भिंती चढत. दगडी तट पुरा झाला म्हणजे त्याच्यावर शिपायांना चढविता येते हे समजले तेव्हा भाच्याने आपली सारी शिबंदी तटावर रांगेने उभी केली आणि शत्रूचा मागमूसही नसताना कितीतरी वेळ तो तिच्याकडे पाहत बसला. खाली आवारातही त्याच सुमारास मावळ्यांच्या रांगा लागत होत्या.

खेळणाऱ्यांत पहिल्या दिवसापासून तक्रारीही होत्या. तीर आणि भाले माणसांच्या मानाने फार मोठे काढले आहेत, रंग फार उजळ आहेत, सारे लहान मुलांच्या खेळण्यासारखे दिसते, असे पुष्कळांचे म्हणणे होते. आणि सर्वांत मोठा आक्षेप असा की कॅमेरा पुरेसा वर जात नाही, त्यामुळे रणभूमीचा विस्तार नजरेत मावत नाही. जिंकण्यासाठी खेळणाऱ्याला हा आक्षेप वाजवी वाटेल यात शंका नाही, आणि पुढे तशी सोयही करण्यात आली. परंतु मला मात्र त्या पहिल्या दिवसांत तो कॅमेरा खाली होता हेच बरे वाटले. वरून पाहिले की माणसे ठिपके होतात आणि रान हिरव्या डागासारखे दिसते. खालून पाहिले म्हणजे लाकूडतोड्याने कुऱ्हाड कोणत्या खांद्यावर घेतली आहे हेही दिसते. आपल्या मुलखाची पाहणी करणाऱ्याने निदान प्रथम तरी पायी हिंडावे, असे मला वाटते.

खेळातल्या आवाजांची योजना तर विशेष लक्ष देऊन ऐकावी अशी आहे. अंधारयुग, सरंजामी युग, किल्ल्यांचे युग आणि साम्राज्ययुग अशा चार पायऱ्यांनी राज्य वर चढते, आणि प्रत्येक पायरीबरोबर माणसांची बोली आणि पार्श्वसंगीत बदलत जाते. इंग्रजांचा गावकरी आरंभी ज्या प्राचीन इंग्रजीत होकार देतो ती आजच्या इंग्रजास कळणे कठीण. पुढच्या युगांत तीच वाणी हळूहळू ओळखीच्या वळणावर येते. खेळाच्या धांदलीत हे कितीजण ऐकत असतील कोण जाणे! मला मात्र ऐकता ऐकता सारखे वाटे की आपल्याकडचा असा एखादा खेळ कुणी रचला, तर आपला गावकरी पहिल्या युगात लीळाचरित्राच्या मराठीत बोलेल, मग पोथ्यांची नि अभंगांची मराठी त्याच्या तोंडी येईल आणि शेवटी तोफा धडाडू लागतील तेव्हा बखरीतली फारशी-मिश्रित दरबारी भाषा. आणि एखादा शाळकरी मुलगा लाकडे तोडायचा हुकूम देता देता कित्येक शतकांची भाषा कानांनी चालून जाईल.

लाकडाचे नाव निघाले म्हणून सांगतो. या खेळात सर्वांत आधी आणि सर्वांत अधिक तुटते ते रान. घराला लाकूड, धनुष्याला लाकूड, होडीला लाकूड, शेताच्या आखणीलाही लाकूडच. आरंभी जी वनराई आपल्या राज्याला एखाद्या तटासारखी वेढून असते, तिच्यात आपलेच लाकूडतोडे दिवसेंदिवस पोखरत आत जातात, आणि एके वेळी असे होते की त्यांनी रानाला आरपार वाट पाडलेली असते व त्या वाटेने शत्रूचे घोडदळ आत येते. रामचंद्रपंत अमात्यांच्या आज्ञापत्रात आरमारासाठी लाकूड कसे मिळवावे याचा विचार आहे. रयतेने वर्षानुवर्षे जोपासलेल्या आंब्या-फणसांना हात लावू नये, एखादे जीर्ण झाड घ्यावेच लागले तर धन्याला राजी करून, मोबदला देऊन घ्यावे, असा त्यातला दंडक आहे. खेळात झाडाला धनी नसतो. कुऱ्हाड लावावी आणि आकडा वाढावा. तरीही पहिल्यांदा खेळताना, मागे उरलेल्या बुंध्यांच्या रांगा दिसल्या तेव्हा माझे मन चरकले, हे खरे. ज्या खेळाने एवढे सुंदर रान रंगविले त्यानेच ते तोडायला लावावे, यात राज्य चालविण्याची एक अटळ कठोरता आहे, आणि ती कुठल्याही प्रवचनावाचून समोर येते.

पहिल्या प्रकाशनात आठ राज्ये खेळायला होती: इंग्रज, फ्रेंच, पवित्र रोमन साम्राज्य, रशियाचे रूस, चिनी, मंगोल, अब्बासी आणि दिल्लीची सल्तनत. महाराष्ट्रातल्या माणसाने या यादीतले शेवटचे नाव वाचले म्हणजे त्याचे मन क्षणभर थबकल्याशिवाय राहत नाही. 1296 साली, अद्याप तख्तावर न बसलेला अलाउद्दीन खलजी थोडक्या निवडक स्वारांनिशी विंध्य उतरून देवगिरीवर येऊन धडकला आणि तेथील राजा रामदेवरायाचे वैभव एका मोहिमेत लुटून गेला. त्याच फौजेचे सेनापतित्व आता आपल्या हाती, त्याचे हत्ती आपल्या इशाऱ्यावर चालणार. देवगिरीच्या वेढ्याविषयी अशी कथा सांगतात की किल्ल्यात घाईघाईने चढविलेली पोती धान्याची म्हणून मोजली गेली, आणि वेळ आली तेव्हा ती मिठाची निघाली. कथा खरी असो वा नसो, ती पिढ्यान्‌पिढ्या सांगितली गेली यातच तिचा अर्थ आहे. तो किल्ला, तो सरळ तासलेला कडा, तो खंदक, तो अंधारी भुयारी मार्ग ज्यांनी पाहिला आहे त्यांना शौर्याने पडला असे सांगितले तर पटणार नाही. कोठाराने दगा दिला हे मात्र पटते. आणि या खेळाच्या पहिल्या काही डावांत मनावर ठसते तेही हेच. तलवारीला तलवार भिडण्याचे क्षण थोडे. बाकी सारा वेळ शेते, कोठारे, घरांची तजवीज. पानिपताच्या आधीच्या त्या दोन-अडीच महिन्यांविषयी आपण लहानपणापासून वाचत आलो, की रसद तुटली आणि छावणी उपाशी पडली. त्या वाक्यातल्या 'रसद' या शब्दापाठीमागे किती बैल, किती गोण्या, किती वाटा आणि किती डोळ्यांत तेल घालून बसलेली माणसे असतील याची कल्पना मला इतिहासाच्या पुस्तकापेक्षा अशा खेळांनी अधिक करून दिली.

दिल्लीच्या राज्याची या खेळातली घडण मात्र विलक्षण सुंदर आहे. सबंध खेळातली ती सर्वांत खोल कल्पना, असे माझे मत. इतर राज्यांना शेतीची सुधारणा, शस्त्रांना धार, चिलखताला बळकटी असे काही हवे असले की साठ्यातून मोल मोजावे लागते. दिल्लीला एक कवडीही लागत नाही. लागतो फक्त वेळ. आणि मशिदीत विद्वान नेऊन बसविले की तो वेळ कमी होऊ लागतो. जितके विद्वान अधिक तितकी विद्या लवकर सिद्ध होते. इतरांचा खजिना रिकामा होत असतो तेव्हा दिल्लीकराच्या खजिन्याला धक्का लागत नाही, पण त्याचा काळ खर्ची पडत असतो; आणि ज्या खेळात काळ कुणासाठी थांबत नाही त्यात काळाचेच नाणे करून व्यवहार करणे याला मोठे धैर्य लागते. भाच्याला हे राज्य प्रथम मुळीच रुचले नाही. "सगळं किती स्लो आहे मामा, एज अप होईपर्यंत समोरचा येऊन मारून जातो," असे तो म्हणे. मला ते मानवले. पाच-सहा विद्वान सावकाश चालत मशिदीकडे जात आहेत, सरहद्दीवर धूळ उडते आहे, आणि तरीही त्यांना घाई करायची नाही, यातला संयम मला मोहवीत असे. मग यथाकाल अंबारीत तिरंदाज बसविलेले हत्ती बाहेर पडत, तेही सावकाशच.

डाव नको असेल तेव्हा पाहण्यासारखे आणखी काही या खेळात होते. 1066 सालच्या हेस्टिंग्जच्या लढाईपासून नॉर्मन लोकांचा वृत्तान्त सुरू होतो, आणि दोन मोहिमांच्या मध्ये आजच्या इंग्लंडची चित्रफीत दाखवितात. आजची कुरणे, आजचे रस्ते, आजची शहरे. आणि त्यांच्यावरून सोनेरी रेषांनी काढलेली, आरपार दिसणारी सैन्ये चालत जातात. कुठे कारागीर साखळीचे चिलखत कडीकडीने विणून दाखवितो, कुठे मोठ्या गोफणयंत्राचा भार कसा तोलतात ते समजावून देतात. भाचा लढाई सोडून त्या फिती पाहत बसे. सिंहगडाच्या वाटेवर सुट्टीच्या दिवशी गाड्यांची रांग लागते, कांदाभजी नि पिठलं-भाकरीचा वास दरवळतो, आणि त्याच वाटेवरून कुणी कुणी चढून गेले होते हे आपण मुलांना तोंडाने सांगतो. ती सोनेरी माणसे आपल्या गडांवरूनही कुणी चालवून दाखवावीत अशी इच्छा त्या वेळी मनात फार प्रबळ झाली, आणि अजून आहे.

या मालिकेचा दुसरा भाग 1999 सालचा. तो मी पुण्यात, एका इमारतीच्या तळघरातल्या सायबर कॅफेत प्रथम पाहिला. तासावर पैसे, ओळीने मांडलेले जाडजूड मॉनिटर, आणि एका तारेने जोडलेल्या त्या यंत्रांवर एकमेकांविरुद्ध बसलेली महाविद्यालयीन मुले. तेव्हा कुणालाच काही माहीत नव्हते. खेळाचे ज्ञान एका खुर्चीवरून दुसऱ्या खुर्चीकडे तोंडी चालत असे. भिक्षू मंत्र म्हणून शत्रूचा शिपाई आपल्या बाजूला वळवितो, हे ज्या मुलाने प्रथम शोधून काढले त्याच्याभोवती सारे कॅफे गोळा झाले होते. कुणी सांगे की तटाच्या आत सारे शेतकरी घ्यावेत, कुणी म्हणे तट बांधणे म्हणजे दगड वाया घालविणे. आणि दोघेही आपापल्या मतावर एखाद्या शास्त्रार्थातल्या पंडितांसारखे ठाम असत. त्या वादांचा निर्णय लावणारा अधिकारी पुरुष कोठेच नव्हता, म्हणून ते वाद दीर्घकाळ चालले आणि फार गोड होते.

2021 साली तसे होणे शक्य नव्हते. खेळ बाहेर येण्यापूर्वीच, ऑगस्टमध्ये, निवडक खेळाडूंना तो परीक्षणासाठी खेळायला दिलेला होता. त्यांतले निष्णात लोक पहिल्याच दिवशी सर्व वाटा तोंडपाठ करून पटावर उतरले. कितव्या मिनिटाला किती गावकरी लाकडावर, किती मेंढ्यांवर, कोणत्या क्षणी दुसऱ्या युगात पाऊल टाकावे, याच्या कोष्टकांसह त्यांच्या खेळांच्या चित्रफिती लगेच घरोघर पोहोचल्या. त्यात त्यांचा काहीच दोष नाही. विद्या अशीच पसरते आणि पसरावी. भाच्यानेही त्या पाहिल्या आणि तो झपाट्याने चांगला खेळू लागला. त्याची बोटे कळफलकावर अशी फिरू लागली की मला त्यांचा वेग नजरेने पकडता येईना. दिवाळीचा फराळ संपत आला त्या सुमारास मी त्याच्या मागे उभा राहून पाहत होतो. पटाच्या कडेला हरणांचा कळप चरत होता, तोच, कान टवकारलेला. "डीअर आत्ता नको, आधी गोल्डवर दोन टाकतो," असे तो स्वतःशीच पुटपुटला आणि नजर क्षणार्धात दुसरीकडे गेली. हरणे आता त्याच्यासाठी अन्नाचा एक आकडा झाली होती. ती तशी होणे आवश्यकच होते, त्यावाचून कुणी जिंकत नाही. तरी मला त्या क्षणी त्याच्या विजयाबद्दल वाटणाऱ्या कौतुकात थोडी हुरहुर मिसळल्यासारखी झाली. प्रत्येक नव्या खेळाच्या, नव्या गावाच्या, नव्या पुस्तकाच्याही आरंभी असा एक अल्पसा काळ असतो की वस्तू आपल्याला नुसत्या दिसतात, अजून उपयोगी पडू लागलेल्या नसतात. हा काळ लांबविता येतो का, की लांबविला तर तो नुसता आळस ठरतो, याचा निर्णय मला अद्याप करता आलेला नाही.

भाच्याचा यावर एक उपाय आहे. एका राज्याचे कोष्टक पाठ झाले की ते सोडून तो दुसरे घेतो. चिन्यांचे दफ्तर चालविणारे अंमलदार वास्तू-वास्तूंमधून कर गोळा करीत कसे हिंडतात ते त्याने पाहून झाले. रूसांना शिकारीवर सोन्याचे इनाम मिळते, म्हणून त्यांच्यासाठी तो पुन्हा हरणांकडे वळला होता, ही त्यातल्या त्यात समाधानाची गोष्ट. आता त्याने मंगोल घ्यायचे ठरविले आहे. त्यांना घरे बांधावी लागत नाहीत, दगडी तट त्यांच्यापाशी नाहीत. सारे गावच गाड्यांवर चढवून दुसरीकडे नेता येते. "मामा, ह्यावेळी तुम्ही सांगा, कॅम्प कुठे टाकायचा?" असे त्याने विचारले आहे. नदी जवळ असावी, असे माझे पहिले मत आहे. पण मंगोलांना गवत अधिक मोलाचे असेल, आणि शिवाय जे गाव उद्या हलणारच आहे त्याच्यासाठी जागा निवडताना कोणत्या गोष्टी पाहायच्या असतात, याचा विचार मी यापूर्वी कधी केलेला नव्हता.